मस्तिष्कालेखन साधने, अंगावर धारण करावयाची

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) क्रियेमुळे उत्पन्न होणारे अत्यंत क्षीण विद्युत् दाब डोक्याच्या त्वचेवरून, कानाच्या पोकळीतून अथवा त्वचेखालून टिपणाऱ्या आणि धारण करणाऱ्या व्यक्तीला आपले नित्याचे व्यवहार चालू ठेवता येतील इतक्या लहान व हलक्या असणाऱ्या साधनांचा या नोंदीत विचार केला आहे. रुग्णालयातील विद्युत् मस्तिष्कालेखक आणि ही साधने यांचे मूलतत्त्व एकच आहे. फरक आहे तो अवधी, स्थळ आणि दृश्यता या तीन बाबींत. रुग्णालयातील नेहमीचा आलेख वीस ते तीस मिनिटांत पुरा होतो. अपस्माराचा झटका महिन्यातून एकदाच येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा अवधी किती अपुरा आहे, हे साध्या हिशेबावरून ध्यानात येते. तीस दिवसांच्या महिन्यात असे १,४४० अर्धे तास असतात व त्यांपैकी एकाचीच नोंद वैद्यापुढे येते. म्हणून आलेख दीर्घकाळ मिळावा व तो रुग्णाच्या घरी, कामाच्या जागी, झोपेत मिळावा, ही गरज आरंभापासूनच जाणवत होती. साधन चारचौघांत दिसू नये, ही गरज मात्र अभियांत्रिकीतून निर्माण झालेली नाही, तर मेंदूच्या विकारांविषयी समाजात असलेल्या समजुतींतून निर्माण झालेली आहे. या दोन्ही गरजांचा आणि त्यांतून उद्भवलेल्या प्रश्नांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. [⟶ अपस्मार, तंत्रिका तंत्र].

मूलतत्त्व : प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातील) पिरॅमिडाकार कोशिका पृष्ठभागाशी साधारणपणे लंब दिशेत रचलेल्या असतात. अशा असंख्य कोशिकांना एकाच वेळी संदेश पोहोचले म्हणजे त्यांच्या विद्युत् क्षेत्रांची बेरीज होते आणि तिचा अवशेष मस्तिष्कावरणे, कवटी व त्वचा ओलांडून बाहेर येतो. एकट्या कोशिकेची क्रिया बाहेरून कळू शकत नाही. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा दाब सामान्यतः १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो. हृदयाच्या विद्युत् आलेखात मिळणारा दाब सु. १ मिलिव्होल्ट, म्हणजे याच्या दहा ते शंभर पट असतो. मेंदूच्या तरंगांचे त्यांच्या कंप्रतेनुसार (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येनुसार) डेल्टा (४ हर्ट्झपेक्षा कमी), थीटा (४ ते ८), आल्फा (८ ते १३) व बीटा (१३ ते ३०) असे वर्ग करतात. जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीत आल्फा तरंग ठळक दिसतात व डोळे उघडताच ते मंदावतात; गाढ झोपेत डेल्टा तरंगांचे प्राबल्य असते.

इतक्या क्षीण दाबाच्या नोंदीत अडथळे पुष्कळ येतात. पापण्यांची उघडझाप, जबड्याच्या व मानेच्या स्नायूंचे आकुंचन, घाम, विद्युत् अग्राचे त्वचेवरून सरकणे, तसेच घरातील वीजपुरवठ्याच्या तारांमधून येणारा ५० हर्ट्झचा प्रभाव यांमुळे उत्पन्न होणारे दाब मेंदूच्या तरंगांपेक्षा कित्येक पटींनी मोठे असू शकतात. म्हणूनच रुग्णाला निश्चल निजवणे, त्वचा घासून स्वच्छ करणे व विद्युत् अग्राखाली संवाहक मलम लावणे ही रुग्णालयातील पद्धती रूढ झाली. अंगावर धारण करावयाच्या साधनांच्या विकासाचा इतिहास म्हणजे बहुतांशी या तीन अटी एकामागून एक शिथिल करण्याचा इतिहास होय.

प्रारंभ : लिव्हरपूल येथील वैद्य रिचर्ड केटन (१८४२–१९२६) यांनी १८७५ मध्ये ससे व माकडे यांच्या उघड्या केलेल्या मेंदूवर विद्युत् अग्रे ठेवून आरशाच्या गॅल्व्हानोमीटरने विद्युत् प्रवाहातील बदल दाखवून दिले. पोलंडमधील शरीरक्रियावैज्ञानिक आडॉल्फ बेक (१८६३–१९४२) यांनी १८९० च्या सुमारास ससे व कुत्रे यांवर स्वतंत्रपणे असेच प्रयोग केले. प्राण्याला संवेदना पोहोचली असता मेंदूतील आपोआप चालू असणारी आंदोलने थांबतात, हे त्यांना आढळले. या सर्व प्रयोगांत कवटी उघडावी लागे. जिवंत, जागत्या माणसाच्या अखंड कवटीवरून अशी नोंद मिळेल, असे फारसे कोणास वाटत नव्हते.

ही नोंद प्रथम मिळविली ती जर्मनीतील येना येथील मानसोपचारज्ञ हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी. त्यांच्या संशोधनाची प्रेरणा विलक्षण होती. तरुणपणी सैन्यातील प्रशिक्षणाच्या काळात ते घोड्यावरून पडले व थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला भावावर संकट आल्याची तीव्र जाणीव झाली व तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार पाठवली. मनातील ऊर्जा दुसऱ्यापर्यंत पोहोचत असावी, अशी त्यांची समजूत झाली आणि त्या ऊर्जेचे भौतिक मापन करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. ६ जुलै १९२४ रोजी मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या वेळी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्यांना तंतू गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने पहिली नोंद मिळाली. नोंदींत दिसणारी आंदोलने खरोखरच मेंदूतील आहेत की नाडीची किंवा स्नायूंची आहेत, याची खात्री करून घेण्यात त्यांनी पुढील पाच वर्षे घालविली व १९२९ मध्ये आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. आपला मुलगा क्लाउस याच्याही अनेक नोंदी त्यांनी घेतल्या. आल्फा व बीटा ही तरंगांची नावे त्यांचीच. दूरसंवेदनेचा मूळ प्रश्न सुटला नाही. परंतु त्याच्या शोधात हाती आलेले तंत्र वैद्यकात कायमचे स्थिर झाले.

बेर्गर यांच्या चरित्राची दुसरी बाजूही येथे नमूद करणे आवश्यक आहे. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये संमत झालेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात आनुवंशिक मानलेल्या अपस्माराचा समावेश होता. बेर्गर नाझी राजवटीचे बळी होते, असे दीर्घकाळ लिहिले जात असे. परंतु अशी प्रकरणे निकालात काढणाऱ्या आनुवंशिक आरोग्य न्यायालयाच्या कामात ते सहभागी होते, असे अलीकडील इतिहाससंशोधनातून दिसून आले आहे. अपस्माराचे स्वरूप उलगडणारे साधन ज्यांनी दिले, तेच अपस्माराच्या रुग्णांवर न्यायनिवाडा करणाऱ्या व्यवस्थेचे घटक होते. मेंदूविषयीची माहिती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न त्यामुळे या तंत्राच्या जन्मकाळापासूनच त्याच्याशी निगडित आहे.

रोगनिदानातील उपयोग : बेर्गर यांच्या निष्कर्षांवर प्रारंभी फारसा विश्वास ठेवला गेला नाही. केंब्रिज येथील एडगर डग्लस एड्रिअन (१८८९–१९७७) व ब्रायन मॅथ्यूझ यांनी १९३४ मध्ये त्यांची पडताळणी करून ते खरे असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे चित्र पालटले. मॅथ्यूझ यांनी याच सुमारास बनविलेल्या विभेदी विवर्धकात दोन विद्युत् अग्रांमधील फरक तेवढा वाढविला जातो व दोहोंवर सारखाच पडणारा बाह्य प्रभाव वगळला जातो. आजच्या कानातील सूक्ष्म साधनापर्यंत सर्वत्र हेच तत्त्व वापरले जाते. अमेरिकेत फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस व विल्यम लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये लघु अपस्माराच्या झटक्यात दर सेकंदास तीन या गतीने येणारी टोकदार शिखरे व तरंग यांची जोडी दाखवून दिली. या शोधामुळे अपस्मार हा भूतबाधेचा किंवा स्वभावदोषाचा प्रकार नसून कागदावर दाखविता येईल असा मेंदूचा विकार आहे, हे निर्विवाद ठरले. इंग्लंडमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९३६ मध्ये मेंदूतील अर्बुदाच्या (गाठीच्या) आसपास डेल्टा तरंग आढळतात, हे दाखविले. ॲल्फ्रेड लूमिस व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये या आलेखांवरून झोपेच्या पायऱ्या निश्चित केल्या. कॅनडातील हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये विद्युत् अग्रांच्या जागा ठरविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धती मांडली. तीत नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंतचे अंतर दहा व वीस टक्क्यांच्या भागांत विभागले जाते. एकवीस विद्युत् अग्रे, त्यांच्या तारा, मोठे यंत्र आणि त्यातून सरकत जाणारी कागदाची पट्टी हे मस्तिष्कालेखनाचे चिरपरिचित दृश्य या काळातील आहे.

खोलीबाहेर : यंत्रापासून रुग्णाला सोडविण्याचे पहिले प्रयत्न रेडिओच्या साहाय्याने झाले. मस्तिष्कालेख रेडिओ तरंगांद्वारे दूर पाठविण्याचे प्रयोग १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील माँटॅना राज्यातील नॉर्मन हॉल्टर (१९१४–८३) यांनी हृदयाच्या आलेखासाठी पाठीवर घ्यावयाचे प्रेषक यंत्र बनविले. त्याचे वजन सु. ३८ किग्रॅ. होते. ट्रँझिस्टर उपलब्ध झाल्यावर हे ओझे झपाट्याने कमी झाले. नित्य व्यवहारातील माणसाची अखंड नोंद घेण्याची हॉल्टर यांची कल्पना हृदयासाठी १९६० नंतर रूढ झाली. मेंदूच्या बाबतीत मात्र दाब फार क्षीण असल्यामुळे त्याच मार्गाने जाण्यास आणखी एक तप लागले.

भारतात या काळात एका वेगळ्याच प्रश्नाने यंत्राला खोलीबाहेर काढले. बी. के. बागची व एम्. ए. वेंगर हे अमेरिकेतून आलेले संशोधक वाहून नेता येण्याजोगी यंत्रसामग्री घेऊन भारतात ठिकठिकाणी योगाभ्यासी व्यक्तींकडे गेले व त्यांचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस्. छिना व बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांच्या मस्तिष्कालेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानावस्थेत असलेल्या चार योग्यांमध्ये आल्फा तरंग सातत्याने टिकून राहिले व प्रकाश, आवाज इ. बाह्य उद्दीपनांनी ते खंडित झाले नाहीत. अन्य दोघांनी ४° से. तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून ठेवला असताही आल्फा तरंग टिकून होते. अभ्यासलेल्या व्यक्तींची संख्या फार लहान असल्याने या निष्कर्षांवरून व्यापक विधान करता येत नाही. परंतु मनाच्या स्थितीची नोंद तिच्या स्वाभाविक ठिकाणी जाऊन घ्यावी, या विचाराला त्यांनी चालना दिली.

अवकाशप्रवासात माणसाला निश्चल निजवून ठेवणे अशक्यच होते. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘व्होस्टॉक–३’ व ‘व्होस्टॉक–४’ या यानांतील अँड्रियान निकोलायेव्ह व पाव्हेल पोपोव्हिच या सोव्हिएट अंतराळवीरांचे मस्तिष्कालेख घेण्यात आले. डिसेंबर १९६५ मधील अमेरिकेच्या ‘जेमिनी–७’ यानातील फ्रँक बोरमन यांच्या डोक्यावरील विद्युत् अग्रे निसटेपर्यंत सु. ५५ तासांची नोंद मिळाली. १९७३-७४ मधील ‘स्कायलॅब’ या अवकाश प्रयोगशाळेत विद्युत् अग्रे आधीच बसविलेली टोपी वापरण्यात आली व झोपेच्या पायऱ्यांचे विश्लेषण यंत्राने तेथल्या तेथे आपोआप केले. तंत्रज्ञाच्या मदतीशिवाय स्वतःच्या हाताने डोक्यावर चढविता येणारे साधन आणि नोंदीबरोबरच तिचे स्वयंचलित वाचन, या दोन्ही कल्पना येथे एकत्र आल्या.

कॅसेट आलेखक : सामान्य रुग्णापर्यंत हे तंत्र पोहोचले ते संगीताच्या कॅसेटमुळे. माँट्रिऑल येथील जॉन आयव्ह्‌झ व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये चार मार्गांचा, चोवीस तास चालणारा कॅसेट आलेखक वर्णिला. फीत अतिशय मंद गतीने फिरवून एका कॅसेटवर संपूर्ण दिवसाची नोंद साठविता येत असे व नंतर ती जलद गतीने पडद्यावर पाहता येत असे. तारांच्या हालचालीमुळे येणारे दोष कमी करण्यासाठी छोटे विवर्धक डोक्यावरच, विद्युत् अग्रांलगत, केसांत लपवून बसविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. मार्ग कमी असल्याने विकाराचे नेमके स्थान सांगणे कठीण जाई. तथापि मूर्च्छा, हृदयाचे विकार व मानसिक कारणांनी येणारे झटके यांपासून अपस्माराचे झटके वेगळे ओळखण्यास या नोंदींचा मोठा उपयोग झाला. १९९० नंतर फितीची जागा अंकीय स्मृतीने घेतली.

दृश्यता व कलंक : कमरेला अडकविलेला आलेखक व डोक्यावरून खाली येणाऱ्या तारा घेऊन बाजारात, शाळेत किंवा कचेरीत जाणे रुग्णास अवघड वाटे. याचे कारण केवळ संकोच हे नव्हे. अनेक समाजांत अपस्माराच्या रुग्णाचे शिक्षण, नोकरी व विवाह यांवर प्रत्यक्ष बंधने होती. भारतात हिंदू विवाह अधिनियमात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती वैध विवाहास अपात्र मानली गेली. वेड व अपस्मार यांना एकाच ओळीत बसविणारा हा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. ज्या देशात झटके येत असल्याचे सांगितल्याने विवाह कायद्याने धोक्यात येऊ शके, तेथे कित्येक कुटुंबांनी मुलीचा आजार लपविला, औषधे चोरून दिली आणि कधीकधी लग्नानंतर ती बंदही केली, यात आश्चर्य नाही. अशा परिस्थितीत निदानाचे साधन लपलेले असणे ही चैन नसून उपचार चालू राहण्याची पूर्वअट ठरते.

दीर्घ नोंदीचे महत्त्व आणखी एका बाजूने सिद्ध झाले. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी वैद्य रुग्णाने ठेवलेल्या झटक्यांच्या रोजनिशीवर अवलंबून राहतात. जर्मनीतील बॉन येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९१ रुग्णांचे ५८२ झटके चलचित्र व मस्तिष्कालेख यांच्या साहाय्याने नोंदविण्यात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक झटक्यांची रुग्णांनी नोंद केलेली नव्हती. झोपेत आलेल्या झटक्यांच्या बाबतीत हे प्रमाण ८५ टक्क्यांहून जास्त होते. हा दोष निष्काळजीपणाचा नसून विकाराचाच भाग होय, कारण झटक्यात स्मृतीच नाहीशी होते. औषधाची मात्रा, वाहन चालविण्याची परवानगी व झोपेत आकस्मिक मृत्यू येण्याचा धोका यांविषयीचे निर्णय अशा अपुऱ्या माहितीवर घेतले जात होते, हे यावरून स्पष्ट झाले.

कोरडी विद्युत् अग्रे व कानातील साधने : संवाहक मलम काही तासांत सुकते व आलेख बिघडतो. मलमाशिवाय चालणारी कोरडी विद्युत् अग्रे बनविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू होते. कॅलिफोर्नियातील बाबक ताहेरी व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वर्णिलेले अग्र हे त्यांतील एक महत्त्वाचे उदाहरण होय. अशा अग्राचा त्वचेशी असलेला संरोध (विद्युत् प्रवाहास होणारा एकूण विरोध) मोठा असल्याने विवर्धक अग्राच्या पाठीशीच बसवावा लागतो. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्वचेइतकेच लवचिक व गोंदणाच्या चित्राप्रमाणे अंगाला चिकटणारे विद्युत् मंडल तयार केले व त्याने हृदय, स्नायू व मेंदू यांचे आलेख मिळविले.

केसांचा अडथळा नसलेली, नजरेआड असलेली व साधनाला आपोआप आधार देणारी जागा म्हणजे कान. लंडनचे इंपीरिअल कॉलेज व डेन्मार्कमधील ऑर्‌हूस विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१२ मध्ये श्रवणयंत्राच्या साच्याप्रमाणे कानाच्या मापाने घडविलेल्या खुंटीवर विद्युत् अग्रे बसवून मस्तिष्कालेख मिळविण्याची पद्धती मांडली. जर्मनीतील ओल्डनबुर्ख विद्यापीठातील श्टेफान डेबनर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कानाभोवती चिकटविता येणारी, दहा विद्युत् अग्रे छापलेली अर्धवर्तुळाकार पट्टी आणि नोंदीसाठी स्मार्टफोन यांचा उपयोग केला. अग्रे एकमेकांच्या फार जवळ असल्याने मिळणारा दाब आणखीच क्षीण असतो व मेंदूचा मर्यादित भागच कळतो. परंतु झोपेचा अभ्यास व कानाजवळील शंखखंडात (मेंदूच्या बाजूच्या खंडात) उगम पावणारे झटके यांसाठी ही जागा उपयुक्त ठरली.

त्वचेखालील साधने : याहून दीर्घ नोंदीसाठी छोटी शस्त्रक्रिया करून साधन शरीरात बसविण्यात येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मार्क कुक व सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या कवटीच्या आत विद्युत् अग्रे बसवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांत झटक्याची पूर्वसूचना देणे शक्य असल्याचे त्यात दिसून आले. डेन्मार्कमध्ये कवटीला धक्का न लावता कानामागील त्वचेखाली बारीक विद्युत् अग्र ठेवण्याची पद्धती विकसित झाली. त्याची नोंद कपड्याला लावलेल्या छोट्या डबीत साठते. या पद्धतीने नऊ रुग्णांच्या एकूण ४९० दिवसांच्या घरगुती नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अर्ध्या तासाच्या आलेखापासून आरंभ झालेला हा प्रवास अशा रीतीने महिन्यांच्या मापापर्यंत आला.

वैद्यकेतर उपयोग : अमेरिकेतील जो कामिया यांनी १९६० च्या दशकात स्वतःच्या आल्फा तरंगांची सूचना मिळाल्यास माणूस ते नियंत्रित करण्यास शिकतो, असे प्रयोग केले. त्यातून मनःशांतीसाठी घरगुती यंत्रे विकण्याची लाट पुढील दशकात आली. लॉस अँजेल्स येथील झाक व्हिडाल यांनी १९७३ मध्ये मेंदूच्या तरंगांद्वारे संगणकाशी संवाद साधण्याची कल्पना मांडली. २००९ मध्ये कपाळपट्टीच्या साहाय्याने चेंडू उचलण्याचे खेळणे व झोपेची नोंद घेणारी पट्टी बाजारात आली. झोपेची पट्टी विकणारी कंपनी २०१३ मध्ये बंद पडली. ध्यानासाठी वापरावयाच्या पट्ट्या २०१४ नंतर लोकप्रिय झाल्या. एक-दोन कोरड्या अग्रांच्या अशा साधनांत कपाळाच्या स्नायूंचे दाब मेंदूच्या तरंगांत सहज मिसळतात. त्यामुळे त्यांवर दाखविल्या जाणाऱ्या ‘एकाग्रते’च्या किंवा ‘शांतते’च्या आकड्यांना रोगनिदानाचे मोल देता येत नाही.

मनाची गोपनीयता : मस्तिष्कालेखावरून विचार वाचता येत नाहीत, असंख्य कोशिकांच्या क्रियेची बेरीज तेवढी त्यात दिसते. परंतु झोप, ग्लानी, उत्तेजना, अपस्माराची प्रवृत्ती व एखादी ओळखीची वस्तू पाहिल्यावर होणारी प्रतिक्रिया यांविषयी अनुमान त्यातून काढता येते आणि एवढी माहितीही माणसाच्या विरुद्ध वापरली जाऊ शकते. याची प्रचीती महाराष्ट्रातच आली. पुणे येथील सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या विद्युत् आंदोलनांवर आधारलेल्या चाचणीचा निष्कर्ष विचारात घेतला. या पद्धतीच्या शास्त्रीय आधाराविषयी देशात व परदेशांत तीव्र शंका व्यक्त झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात निर्णय दिला की, व्यक्तीच्या संमतीशिवाय अशी चाचणी करणे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदातील स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा भंग होय. माणसाने मौन पाळण्याचे ठरविले असता त्याच्या मेंदूकडून उत्तर काढून घेता येणार नाही, असे हे तत्त्व आहे.

न्यायालयात सक्ती उघड असते. शाळेत व कारखान्यात ती सौम्य रूपाने येते. चीनमधील जेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत विद्यार्थ्यांचे लक्ष मोजणाऱ्या डोकेपट्ट्या वापरल्या जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर लोकांनी तीव्र आक्षेप घेतले व त्यांचा वापर थांबविण्यात आला. चिली या देशाने २०२१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून मेंदूची क्रिया व तिच्यापासून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका परदेशी कंपनीला वापरकर्त्याची साठविलेली मेंदूविषयक माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा माहितीचा संवेदनशील माहितीत समावेश केला. भारतात खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. मात्र व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या अधिनियमात मेंदूच्या नोंदींचा स्वतंत्र प्रवर्ग केलेला नाही.

समारोप : केटन यांच्या प्रयोगात कवटी उघडल्याशिवाय जे दिसत नव्हते, ते आता कानातील खुंटीतून कळू शकते. तथापि या साधनांच्या प्रगतीचे माप केवळ त्यांच्या आकारावरून ठरविता येणार नाही. साधन जितके लहान व अदृश्य, तितकी रुग्णाची लोकांच्या नजरेपासून सुटका होते. परंतु त्याच अदृश्यतेमुळे नोंद केव्हा चालू आहे व ती कोठे जात आहे, हे धारण करणाऱ्यालाही कळेनासे होण्याचा संभव असतो. नोंदीवरील अधिकार ज्याच्या मेंदूची ती नोंद आहे त्याच्याकडेच राहील, अशी व्यवस्था असेल तरच ही साधने रुग्णाच्या हिताची ठरतात. अपस्माराविषयीचे अज्ञान दूर होणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे, कारण कलंक नाहीसा झाला म्हणजे साधन लपविण्याची गरजही उरणार नाही.